रूप पालटणारा प्रियकर: एका लोकप्रिय कादंबरीप्रकाराची ओळख

दिवसा चारचौघांसारखा वावरणारा आणि वेळ येताच लांडग्याचे, बिबट्याचे किंवा अस्वलाचे रूप घेणारा नायक. त्याचे गुपित कळल्यावर आधी हादरणारी व मग त्याच्याकडेच ओढली जाणारी नायिका. वाटेत शत्रू, कळपातील भांडणे, रक्तपात आणि शेवटी दोघांचे मीलन. या आराखड्यावर इंग्रजीत गेल्या तीन दशकांत शेकडो कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. 'ट्वायलाइट' मालिकेच्या निमित्ताने आपल्याकडील शहरी वाचकालाही या प्रकाराची तोंडओळख झाली. प्रवासात वाचून विसरण्याजोगे वाङ्मय, असा शिक्का त्यावर सहज मारला जातो. तथापि या कथांच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आणि घराघरांतला आहे. ज्याच्या अंगी आपल्याला इजा करण्याचे बळ आहे, त्याच्यावर स्त्रीने विश्वास टाकायचा तो कशाच्या आधारावर? या प्रश्नाला कोणती कादंबरी काय उत्तर देते, यावरच तिची प्रत ठरते.

संज्ञा आणि सीमा

अद्भुत किंवा अतिमानवी घटकांचा समावेश असलेल्या प्रेमकादंबरीला 'पॅरानॉर्मल रोमान्स' असे म्हणतात. व्हॅम्पायर, चेटकिणी, देवदूत, भुते अशी नाना पात्रे तीत येतात. त्यांपैकी माणसाचे प्राणी आणि प्राण्याचे माणूस होणाऱ्या पात्रांना 'शेपशिफ्टर' किंवा नुसते 'शिफ्टर' म्हटले जाते. संस्कृतात इच्छेनुसार रूप घेणाऱ्यासाठी 'कामरूपी' हा शब्द आहे. हिंदी चित्रपटांनी 'इच्छाधारी' हा शब्द घरोघरी पोहोचवला.

जुन्या युरोपीय समजुतीतील वेअरवुल्फ, म्हणजे लांडगामाणूस, हा बहुधा शापित असे. आपल्या रूपावर त्याचा ताबा नसे आणि त्याची कथा बव्हंशी शोकांत असे. प्रेमकादंबरीने यात मोठा बदल केला. येथील नायक बहुतेक वेळा जन्मतःच शिफ्टर असतो. त्याला कुटुंब असते, कळप असतो, कळपाचे कायदे असतात. रूप पालटण्यासाठी पौर्णिमेचीच वाट पाहावी लागते असेही नाही. शापाची जागा वंशाने घेतली आणि त्यामुळे त्याच्याशी संसार थाटणे कल्पनेत तरी शक्य झाले.

भयकथेपासून हा प्रकार वेगळा ठरतो तो येथेच. नारायण धारप यांच्या 'समर्थ' कथांमध्ये अमानुष शक्ती ही घराबाहेर हाकलून लावण्याची गोष्ट असते. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये तिला उंबरठ्याच्या आत घेतले जाते. दुसरा शेजारी प्रकार 'अर्बन फँटसी' हा होय. त्यात शहर, गुन्हा आणि नायिकेचे साहस यांना अग्रस्थान असते व प्रेमकथा अनेक भागांतून संथपणे पुढे सरकते. रोमान्सचे दोन नियम मात्र पक्के आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे आणि शेवट समाधान देणारा हवा. प्रत्यक्षात या दोन प्रकारांतील सीमारेषा पुसट आहे आणि वाचक दोन्हींकडे मोकळेपणाने ये-जा करतात.

जुनी मुळे

बाराव्या शतकातील कवयित्री मारी द फ्रान्स हिच्या 'बिस्क्लाव्हरे' या कथाकाव्यात एक सरदार आठवड्यातील काही दिवस लांडगा होऊन रानात राहतो. त्याचे कपडे हा त्याचा माणूसपणात परतण्याचा एकमेव मार्ग असतो. पत्नी गोडीगुलाबीने ते गुपित काढून घेते, कपडे लपवते आणि दुसऱ्याशी लग्न करते. येथे लांडगा निष्ठावान आणि माणूस विश्वासघातकी ठरतो. आजच्या कित्येक कादंबऱ्यांतील सभ्य लांडग्याचा हा पूर्वजच म्हणावा लागेल.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरील 'सेल्की' कथांमध्ये परिस्थिती उलट आहे. सील हा समुद्री प्राणी कातडे उतरवून स्त्रीरूपात किनाऱ्यावर येतो. एखादा पुरुष ते कातडे चोरतो आणि तिला संसारात अडकवतो. काही वर्षांनी कातडे हाती लागताच ती मुलाबाळांना मागे ठेवून समुद्रात परत जाते. बळजबरीने उभारलेला संसार किती टिकतो, हे लोककथेने कोणताही उपदेश न करता सांगून टाकले आहे.

या साऱ्यांत सर्वाधिक प्रभावी ठरली ती 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही फ्रेंच कथा. मादाम द व्हिलनव्ह यांनी ती १७४० मध्ये विस्ताराने लिहिली आणि मादाम लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ मध्ये तिला आज परिचित असलेले आटोपशीर रूप दिले. बोमाँ यांच्या कथेतील पशू रोज रात्री जेवणाच्या वेळी नायिकेला एकच प्रश्न विचारतो: माझ्याशी लग्न करशील का? ती रोज नकार देते आणि तो रोज नकार ऐकून निघून जातो. तिला फाडून खाण्याचे बळ त्याच्यात आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. तिच्या मनात विश्वास रुजतो तो नेमका या मान्य केलेल्या नकारांमुळे.

आपल्याकडील कथा

भारतीय वाचकाला या कल्पनेची सवय लहानपणापासून असते. महाभारतातील हिडिंबा पांडवांना मारण्यासाठी येते, भीमाला पाहून मोहित होते आणि सुंदर मानवी रूप धारण करते. पण आपण कोण आहोत व भावाने आपल्याला कशासाठी पाठवले आहे, हे ती त्याला सांगून टाकते. अहल्येच्या कथेत इंद्र गौतम ऋषींचे रूप घेऊन येतो. वाल्मीकिरामायणात अहल्या त्याला ओळखते, तर नंतरच्या अनेक कथनांत ती फसवली जाते. एकाच कथेच्या या दोन पाठांमध्ये स्त्रीच्या जाणतेपणाचा प्रश्न किती तीव्र आहे, ते दिसून येते.

गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल' (१९८८) या कन्नड नाटकातही हाच प्रश्न आहे. अप्पण्णा आपली पत्नी राणी हिला घरात कोंडून ठेवतो, दुपारी जेवायला येतो आणि पुन्हा बाहेरख्याली जातो. तिच्यावर अनुरक्त झालेला नाग रात्री अप्पण्णाचेच रूप घेऊन येतो आणि तिला माया देतो. दिवसाचा कठोर नवरा आणि रात्रीचा प्रेमळ नवरा यांतील अंतर राणीला जाणवते, तरी ते विचारण्याची मुभा तिला नसते. विजयदान देथा यांच्या 'दुविधा' या राजस्थानी कथेत भूत व्यापारी पतीचे रूप घेते. पण नववधूसमोर आल्यावर ते खरे काय ते सांगते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. या कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये आणि अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये 'पहेली' या नावाने चित्रपट केला. हिडिंबा आणि 'दुविधा'तील भूत सत्य सांगतात. इंद्र आणि नाग ते लपवतात. इंग्रजी शिफ्टर कादंबऱ्या वाचताना ही फूटपट्टी हाताशी असलेली बरी.

'नगीना' (१९८६) हा चित्रपट आणि २०१५ पासून गाजलेली 'नागिन' ही हिंदी मालिका यांनी रूप पालटणाऱ्या स्त्रीला केंद्रस्थानी आणले. इंग्रजी प्रेमकादंबरीत हे सामर्थ्य बहुधा नायकाकडे असते, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आधुनिक प्रवास

या कादंबरीप्रकाराची घडी १९९० च्या दशकात बसू लागली. लॉरेल के. हॅमिल्टन यांच्या 'अनिता ब्लेक' मालिकेचे पहिले पुस्तक १९९३ मध्ये आले. पुढे तीत लांडगे व बिबटे मोठ्या संख्येने दाखल झाले. सुझन क्रिनार्ड यांची 'प्रिन्स ऑफ वुल्व्ज' (१९९४) ही लांडगामाणसाला सरळ प्रेमकथेचा नायक करणाऱ्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक. क्रिस्टीन फीहान यांच्या 'डार्क प्रिन्स'ने १९९९ मध्ये एका दीर्घ मालिकेला आरंभ केला. कॅनडाच्या केली आर्मस्ट्राँग यांची 'बिटन' २००१ मध्ये आली. शेरिलिन केन्यन यांच्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडणाऱ्या मालिकेतील 'नाइट प्ले' (२००४) या भागात लांडगा नायकाची प्रेयसी शरीराने स्थूल आणि दुकान चालवणारी स्त्री आहे. प्रेमकथेची नायिका सडपातळच असावी या संकेताला तिने दिलेला छेद अनेक वाचकांना भावला.

२००५ मध्ये स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' प्रसिद्ध झाली आणि २००६ च्या 'न्यू मून'मध्ये जेकब ब्लॅक हा लांडगा होणारा तरुण पुढे आला. त्याच २००६ मध्ये पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची 'मून कॉल्ड' आणि नलिनी सिंग यांची 'स्लेव्ह टू सेन्सेशन' या दोन महत्त्वाच्या मालिकांचे पहिले भाग निघाले. १९७१ मध्ये 'मिल्स अँड बून' विकत घेणाऱ्या कॅनडाच्या 'हार्लेक्विन' कंपनीनेही याच वर्षी 'नॉक्टर्न' ही पॅरानॉर्मल प्रेमकथांची स्वतंत्र शाखा सुरू केली. बाजाराला या प्रकाराची चाहूल लागल्याची ही खूण होती.

२००७ च्या अखेरीस 'किंडल' हे ई-वाचनाचे उपकरण आले आणि चित्र आणखी पालटले. लेखकांना प्रकाशकाविना पुस्तक बाजारात आणता येऊ लागले. लांडग्यांपाठोपाठ अस्वले आणि ड्रॅगन यांच्या मालिकांचा पूर लोटला. उघड्या छातीच्या नायकाचे मुखपृष्ठ लोकलमध्ये कुणाला दिसणार नाही, हा ई-वाचनाचा फायदाही वाचकांच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नाही.

नियतीने नेमलेला जोडीदार

या कादंबऱ्यांतील सर्वांत लाडका संकेत म्हणजे 'नेमलेला जोडीदार'. नायकाला एका गंधाने, स्पर्शाने किंवा दृष्टिभेटीने कळते, की हीच आपली. त्यानंतर तो दुसरीकडे पाहूच शकत नाही. वाचकाला यात मोठा दिलासा आहे: येथे फसवणुकीची भीती नाही, कंटाळून सोडून जाणे नाही. परंतु निर्णय जर निसर्गानेच घेतला असेल, तर स्त्रीच्या होकाराला अर्थ काय उरतो? चांगल्या लेखिका या पेचाकडे डोळेझाक करत नाहीत.

'बिटन'मधील एलेना हिला तिच्या वाग्दत्त वरानेच चावा घेऊन लांडगी केलेले आहे आणि तेही तिच्या संमतीविना. तो तिच्यावर जीव टाकतो हे खरे असले, तरी तिचा राग लेखिकेने स्वस्तात विरघळू दिलेला नाही. केन्यन यांच्या जगात जोडीची खूण तळहातावर उमटते, मात्र ते नाते स्वीकारायचे की नाही याचा निर्णय स्त्रीच्या हाती असतो. ब्रिग्ज यांची नायिका मर्सी थॉम्प्सन ही मोटार-मेकॅनिक असून कोल्ह्याचा भाऊबंद असलेल्या कायोटी या प्राण्याचे रूप घेते. शेजारी राहणाऱ्या कळपप्रमुखाने तिला न विचारता कळपासमोर आपली जोडीदार म्हणून जाहीर केले, हे कळल्यावर ती संतापते. त्याचा हेतू तिच्या संरक्षणाचा होता, एवढ्याने तिचे समाधान होत नाही.

'ट्वायलाइट' मालिका या कसोटीवर डळमळते. सॅम या लांडग्याचा क्षणभर तोल गेल्याने एमिलीच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटलेले आहेत. तरीही त्यांचे नाते आदर्श प्रेमाचा नमुना म्हणून रंगवले जाते. शेवटच्या भागात जेकबचे नाते एका नवजात मुलीशी नियतीने जोडले जाते, यावरही बरीच टीका झाली. 'तो वाईट नाही, त्याच्या आतला पशू अनावर होतो' हे स्पष्टीकरण मार खाणाऱ्या बायकांना पुस्तकाबाहेरही वारंवार ऐकवले जाते. कादंबरीने त्यावर प्रेमाचा मुलामा चढवला, तर वाचकाने थबकले पाहिजे.

'अल्फा'ची गोष्ट

शिफ्टर नायक बहुतेकदा 'अल्फा' असतो; म्हणजे लढून कळपाचा प्रमुख झालेला, हुकूम सोडणारा, मत्सरी. त्याचे वर्तन 'लांडग्यांत असेच असते' या आधारावर खपवले जाते. हा आधार मात्र आता उरलेला नाही.

रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बासेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकमेकांशी संबंध नसलेले प्राणी एका बंदिस्त जागेत ठेवल्यावर त्यांच्यात वर्चस्वाची झुंज होणे स्वाभाविक होते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एल. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या ग्रंथाने 'अल्फा' ही कल्पना सर्वदूर नेली. पुढे मेक यांनीच आर्क्टिकमधील एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि १९९९ मध्ये या कल्पनेची दुरुस्ती करणारा शोधनिबंध लिहिला. जंगलातील कळप हे बहुधा एक कुटुंब असते: आई, बाप आणि त्यांची पिल्ले. प्रमुखपद लढून मिळत नाही. ते पालकत्वाने येते. आपल्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी, असा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला आणि २०२२ मध्ये ती थांबली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर दिसणारा भारतीय लांडगाही असाच लहान कुटुंबात राहतो.

तात्पर्य, दमदाटी करणारा 'अल्फा' ही पिंजऱ्यातील लांडग्यांवरून बेतलेली प्रतिमा आहे. ब्रिग्ज यांच्या 'आल्फा अँड ओमेगा' मालिकेचा आरंभ लक्षणीय वाटतो तो यामुळेच. तिची नायिका अ‍ॅना हिला शिकागोच्या कळपात अमानुष वागणूक मिळालेली असते. सत्ताधीशाच्या हातचे दुःख आणि कुटुंबाने दिलेला आधार यांतील फरक त्या मालिकेत नीट उलगडतो.

एका खऱ्या जमातीचे नाव

'ट्वायलाइट'मधील लांडगे हे वॉशिंग्टन राज्यातील ला पुश येथील क्विल्यूट जमातीचे दाखवले आहेत. ही जमात खरी आहे. आपले पूर्वज लांडग्यांपासून घडवले गेले, अशी तिची उत्पत्तिकथा आहे; व्हॅम्पायरांशी लढणारे तरुण हा भाग मात्र लेखिकेच्या कल्पनेतला. जमातीच्या नावावर वस्तूंचा बाजार तेजीत आला, पण तो तिच्या हाती नव्हता. सिअ‍ॅटल येथील बर्क संग्रहालयाने क्विल्यूट लोकांच्या सहकार्याने खऱ्या परंपरेची माहिती देणारा प्रकल्प हाती घेतला.

त्या काळात जमातीपुढील खरा प्रश्न वेगळाच होता. समुद्रकाठचे हे गाव त्सुनामीच्या टप्प्यात येते. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या कायद्याने ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील ७८५ एकर जमीन जमातीला मिळाली आणि गाव उंचावर हलवण्याची वाट मोकळी झाली. दंतकथा उसनी घेताना ती ज्यांची आहे ती माणसे आजही जिवंत आहेत याचे भान सुटू नये, एवढा धडा यातून घेता येतो.

वाचक काय शोधतात?

अमेरिकी अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात एका गावातील प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून निष्कर्ष मांडले. शिफ्टर कादंबऱ्यांच्या लाटेपूर्वीचा हा अभ्यास आजही उपयोगी पडतो. घरातील सर्वांची उस्तवार करणाऱ्या या स्त्रियांसाठी पुस्तक हातात घेणे म्हणजे थोडा वेळ स्वतःसाठी राखून ठेवणे होते. बलात्कार, क्रौर्य आणि दुबळी नायिका असलेली पुस्तके त्यांना आवडत नसत. रॅडवे यांनी दुसरी बाजूही नोंदवली: पुरुषाचा कठोरपणा हे लपलेल्या प्रेमाचेच रूप आहे असे पटवून ही पुस्तके स्त्रीला आहे त्या व्यवस्थेशी जुळवून घ्यायलाही शिकवतात.

शिफ्टर कादंबरीत या दोन्ही बाजू ठळक होतात. भीती येथे दडवलेली नसते. तिला नखे आणि दात असतात. त्या भीतीला सुरक्षित अंतरावरून सामोरे जाणे, आणि आवडले नाही तर पुस्तक मिटून टाकणे, हे वाचकाच्या हाती असते. असे वाचन करणाऱ्या स्त्रीला भाबडी समजण्याचे कारण नाही. तिच्या आवडीला हसण्यापेक्षा ती कोणता नायक निवडते आणि कोणता नाकारते, हे विचारणे अधिक उद्बोधक ठरेल.

कोठून सुरुवात करावी?

नव्या वाचकाने नलिनी सिंग यांच्या 'स्लेव्ह टू सेन्सेशन'पासून आरंभ करावा. फिजीमध्ये जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या या लेखिकेने २०७९ मधील सॅन फ्रान्सिस्को उभे केले आहे. भावना दडपून टाकण्याचा कायदा पाळणाऱ्या समाजातील साशा आणि बिबट्यांच्या कळपाचा प्रमुख लुकस यांची ही कथा. येथे रानटी समजल्या गेलेल्या समाजात जिव्हाळा आहे आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजात दहशत. स्पर्श हा या कळपात एकमेकांना दिलेला अधिकार मानला जातो. तो गृहीत धरता येत नाही. मूळ मालिका २०१६ पर्यंत १५ कादंबऱ्यांची झाली व २०१७ च्या 'सिल्व्हर सायलेन्स'पासून तिचे दुसरे पर्व सुरू झाले.

प्रेमापेक्षा साहस आणि विनोद अधिक हवा असेल, तर 'मून कॉल्ड' निवडावी. तिच्या मालिकेतील 'आयर्न किस्ड' (२००८) या तिसऱ्या भागात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे आणि पुढील भागात त्याचे मनावर राहिलेले ओझे आहे, हे आधी माहीत असलेले बरे. संतापलेली, स्वतःच्या दोन रूपांशी झगडणारी नायिका हवी असेल, तर 'बिटन' वाचावी. यांतील बहुतेक पुस्तकांत शृंगार मोकळेपणाने येत असल्याने ती प्रौढ वाचकांसाठी आहेत; 'ट्वायलाइट' मात्र किशोरवयीन वाचकांसाठी लिहिली गेली. घरातील मुलगी ती वाचत असेल, तर पुस्तक काढून घेण्यापेक्षा सॅम आणि एमिलीविषयी तिच्याशी बोलणे अधिक उपयोगाचे होईल.

कोणतीही शिफ्टर कादंबरी हाती घेतली, तरी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. नायक आपले खरे रूप नायिकेला केव्हा सांगतो? ती नाही म्हणाली तर तो काय करतो? आणि शेवटी तिचे काम, तिची माणसे, तिचे घर यांपैकी तिच्याकडे काय उरते? या तीन प्रश्नांची उत्तरे मनासारखी मिळाली, तर ती कादंबरी निर्धास्तपणे शेवटपर्यंत वाचावी.